मणेर मास्तरांचे थोरले

आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक मणेर मास्तर दरवर्षी श्रावणाच्या सुमारास एक दिवसाची रजा घेत. अर्जात कारण लिहिलेलं असे, 'वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी.' मास्तरांचे वडील आटपाडीला बांगड्यांचं दुकान चालवत. ते तेव्हा ठणठणीत होते आणि अधूनमधून मुलाला भेटायला सांगलीला येत. तिसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "मणेर, हे वारलेले वडीलधारे कोण?" मास्तर म्हणाले, "फ्रान्सचे एक चित्रकार आहेत, साहेब." हेडमास्तरांनी थोडा वेळ अर्जाकडे पाहिलं आणि सही केली. "रजेच्या नियमात देशाचं नाव घातलेलं नाही," असं ते नंतर मला म्हणाले.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि गावभागातल्या दोन खोल्यांत मी आणि मास्तर भागीनं राहत होतो. माझ्यासारख्या देसायाच्या घरात मुसलमान मणेर कसा, याबद्दल आळीत थोडं बोललं गेलं. मग लोक कंटाळून थांबले. मास्तरांचे ते चित्रकार मास्तरांच्या जन्माआधीच वारलेले होते. त्यांचं नाव कसं उच्चारायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मुंबईच्या चित्रशाळेतले मास्तरांचे गुरुजी एक उच्चार करत, तिथले गोरे साहेब दुसरा, आणि इंग्रजीच्या नियमानं माझा तिसराच होई. चुकीचं नाव घेणं मास्तरांना अपमानाचं वाटे. म्हणून ते नुसतं 'थोरले' म्हणत. पुढं मीही म्हणू लागलो. पोरं मास्तरांना पाठीमागं 'पॅरिस मास्तर' म्हणत, आणि मास्तरांना ते माहीत होतं.

थोरल्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मास्तरांजवळ होतं. मुंबई सोडताना गुरुजींनी दिलेलं. त्यात थोरल्यांचं चरित्र होतं आणि काळ्यापांढऱ्या छापाची पुष्कळ चित्रं होती. मास्तरांचं इंग्रजी रंगांच्या नळ्यांवर छापलेलं असतं तेवढंच. संध्याकाळी मी स्टोव्हवर भात चढवला की ते पुस्तक घेऊन समोर बसत, आणि भात शिजेपर्यंत मी दोन पानं मराठीत सांगे. थोरल्यांचं आयुष्य असं आम्हाला वर्षभर पुरलं.

थोरले समुद्रकाठच्या एका लहान गावात पाववाल्याच्या पोटी जन्मले. बापानं त्यांना पिठात बोटानं चित्रं काढताना पकडलं आणि चोपलं. मग गावच्या पाद्र्यानं रदबदली करून त्यांना पॅरिसला धाडलं. तिथं चित्रकारांची एक मोठी परीक्षा असे. तिच्यात पहिला येईल त्याला सरकार रोमला पाठवी. थोरले तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पहिले आले. रोममध्ये जुने पुतळे बघून बघून त्यांनी हात बसवला. परत आल्यावर राजेसरदार त्यांच्या दारात ताटकळू लागले. त्यांची बायको बाळंतपणात गेली. तो भाग मी वाचला त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. भात मी एकट्यानं संपवला.

हे सगळं मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत. चित्रकलेच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ते शांतपणे म्हणत, "अजून दोनदा राहिलंय तुझं. थोरले तीनदा झालेले." पालक हे ऐकून हेडमास्तरांकडे जात. थोरले उजाडायच्या आत हातात कुंचला घेत, म्हणून मास्तरही घेत. काही सुचलं नाही तर समोरचा तांब्या काढत. आमच्या खोलीत तांब्याची इतकी चित्रं जमली होती की एकदा पाणी मागायला आलेल्या शेजाऱ्याचा हात भिंतीकडे गेला, असं मास्तर सांगत. मी तेव्हा घरी नव्हतो.

थोरल्यांच्या चित्रांत देवी होत्या, देवदूत होते, झऱ्याकाठच्या पऱ्या होत्या आणि अनवाणी शेतकरी मुली होत्या. त्या मुलींचे पाय पाहून त्यांनी जन्मात ढेकूळ तुडवलं असेल असं वाटत नसे. देवींच्या अंगावर कपडे नव्हते. तशी तक्रार आल्यावर हेडमास्तरांनी पुस्तक तपासायला म्हणून घरी नेलं. ते आठ दिवसांनी परत आलं. "कला उच्च आहे," ते म्हणाले, "पण शाळेत आणू नका." थोरल्यांचे दोन नियम मास्तरांनी आपले केले होते. समोर माणूस बसल्याशिवाय चेहरा काढायचा नाही. आणि चेहऱ्यावर डाग, सुरकुती, कुंचल्याची खूण, यांतलं काही दिसता कामा नये. "फुंकरीनं बसवल्यासारखा रंग पाहिजे, देसाई," ते म्हणत.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी मास्तरांना वाचून दाखवलं नाही. थोरल्यांच्या म्हातारपणी पॅरिसमध्ये नवे चित्रकार आले आणि त्यांनी थोरल्यांची टर उडवली. यांची माणसं साबणाची केलेली आहेत, यांच्या गालाला कधी ऊन लागलेलं नाही, असं त्यांनी छापलं. थोरले गेल्यावर त्यांची चित्रं भिंतीवरून उतरवून तळघरात ठेवली गेली. मी हे सगळं आधी एकट्यानं वाचलं, आणि त्या संध्याकाळी मास्तरांना सांगितलं की थोरल्यांच्या अंत्ययात्रेला फार गर्दी होती आणि पुस्तक संपलं. गर्दी खरीच होती. मास्तरांनी पुस्तक डोळ्यांना लावून ट्रंकेत ठेवलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका रविवारी कवठे महांकाळकडची एक बाई आमच्या दारात आली. तानूबाई तिचं नाव. बरोबर तिचे मोठे दीर होते, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. तानूबाईचा मुलगा शिदू आफ्रिकेच्या लढाईत गेला होता. तार येऊन चार महिने झाले होते. तिला त्याचं चित्र काढून हवं होतं.

"फोटो आणलाय का?" मास्तरांनी विचारलं.

"फोटू न्हाई. काडून धाडतो म्हनला हुता."

"समोर माणूस नसताना मी चेहरा काढत नाही, बाई. आमच्या थोरल्यांनी कधी काढला नाही."

"मग त्यास्नी इचारून बगा की."

"ते वारले."

"माजाबी वारलाय," तानूबाई म्हणाली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी हवालदारांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं. पहिल्या लढाईत ते फ्रान्सला होते असं निघालं. मास्तर ताडकन उठले आणि त्यांना आपली खुर्ची दिली.

"पॅरिस पाहिलंत?"

"लांबनं गेली आमची रेल्वे. आमी खंदकात हुतो, दोन हिवाळं."

"काही चित्रं वगैरे दिसली?"

हवालदारांनी आठवून पाहिलं. "न्हाई. चिखल लय हुता."

तेवढ्यात तानूबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. "नाक माजंच हाय त्याचं. ह्ये बगा." मास्तर तिच्याकडे पाहू लागले. बराच वेळ पाहिल्यावर ते माझ्याकडे वळले. "देसाई, थोरल्यांनी ती समुद्राची देवी केली, तिचे हात एकीचे आणि मान दुसरीची, असं आहे ना?" मी म्हणालो, "आहे. पाय तिसरीचे." मास्तर तानूबाईला म्हणाले, "कान कुणाचे होते त्याचे?"

"आत्याच्या पोराचं. थेट."

"त्याला पुढच्या रविवारी घेऊन या."

त्यानंतर दर रविवारी छोट्या रेल्वेनं मिरजेला उतरून तानूबाई एकेक नातेवाईक आमच्याकडे आणू लागली. एका रविवारी कान आले. दुसऱ्या रविवारी हनुवटीसाठी तिचा भाऊ आला. खांद्यासाठी हवालदार स्वतः बसले आणि तीन तास हलले नाहीत. कपाळावरून घरात भांडण झालं. दोन चुलत्यांचं म्हणणं होतं की कपाळ आपलंच. मास्तरांनी दोघांनाही बसवलं. नाकासाठी आणि डोळ्यांसाठी तानूबाई स्वतः बसली. आपल्याकडे कुणी इतका वेळ बघतंय याची तिला सवय नव्हती. "आता खाली बगू का?" असं ती मधूनमधून विचारी.

दिवाळीपर्यंत चित्र झालं. मी मास्तरांची सगळी चित्रं पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं. फौजी टोपीतला एक तरुण आमच्या खोलीत उभा होता आणि त्याच्या गालावर कुंचल्याची एक खूण नव्हती. तानूबाई आणि हवालदार समोर बसले. हवालदारांनी मान हलवली. तानूबाई चित्रातल्या गालाकडे बघत राहिली.

"आवडलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"लय देखना काडलाय, मास्तर. पर ह्यो कुना राजाचा ल्योक हाय. शिदूच्या तोंडावर देवीचं वण हुतं. कुटं गेलं?"

"ते मी मुद्दाम घेतले नाहीत. वण कशाला हवेत?"

"सा वर्साचा असताना देवी आल्या त्याला. गावात आट पोरं गेली. ह्यो मी वाचवला." तिनं चित्राकडे बोट केलं. "ह्याला कदीच काय झालेलं न्हाई."

ती दोघं गेल्यावर मास्तरांनी ट्रंक उघडली आणि पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "अशा वेळी थोरल्यांनी काय केलं, ते बघा. कुठंतरी असेल." मी पानं उलटत राहिलो. मास्तर समोर बसून होते. शेवटी मी ते प्रकरण उघडलं आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगितलं. साबणाची माणसं, ऊन न लागलेले गाल, तळघर, सगळं.

"हे आधीपासून होतं पुस्तकात?"

"होय."

"मग वाचलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटून काय व्हायचंय? थोरल्यांना कळलं होतं का हे? हयातीत?"

मी पान परत पाहिलं. "कळलं होतं. मित्रानं छापलेलं आणून दाखवलं. इथं दिलंय की थोरले दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उजाडता कामाला बसले."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. थोरल्यांच्या अपमानाचं त्यांना दुःख होतं आणि माझ्या लबाडीचाही राग होता. यांतलं जास्त काय होतं हे मला विचारवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडता ते ईझलपुढं बसलेले होते, हे मी अंथरुणातून पाहिलं.

पुढच्या रविवारी मास्तरांनी तानूबाईला चित्राशेजारी बसवलं. "कुठं कुठं होते ते दाखवा." तिनं चित्राला हात लावला नाही. स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून ती सांगू लागली. "हितं. हितं दोन, जोडून. ह्यो कपाळावरचा खोल, हितं खपली लौकर निगाली." तिला एकही आठवावा लागला नाही. मास्तर एक वण काढत, तिच्याकडे पाहत, ती बोट पुढं सरकवी. थोरल्यांच्या पद्धतीनं महिनामहिना घोटलेला तो गाल ते आपल्या हातानं बिघडवत होते. वणांना सावली द्यावी लागते, कडेला उजेड द्यावा लागतो. दुपार उलटून गेली.

"झालं," मास्तर म्हणाले.

तानूबाई उठून समोर उभी राहिली. पदर सावरला. मग आमच्यापैकी कुणाकडे न बघता ती चित्राला म्हणाली, "कागूद का धाडला न्हाईस रं?"

हवालदार उठून बाहेर गेले. मास्तर कुंचले धुवायला मोरीवर गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिले. मी तांब्याच्या चित्रांकडे पाहत उभा होतो.

पुढच्या श्रावणात मास्तरांनी रजेचा अर्ज नेहमीसारखा दिला. कारण तेच लिहिलं होतं. थोरल्यांबद्दल त्यांचं मत बदललं नव्हतं. फक्त वर्गात सांगताना आता ते शेवटचं प्रकरणही सांगत. पोरांना तेच जास्त आवडे.

लढाई संपली तसे हवालदारांच्या ओळखीतून मास्तरांना साताऱ्याकडून चित्रांसाठी कागद येऊ लागले. त्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत, आणि न परतलेल्यांत फोटो नसलेले पुष्कळ. तिकडच्या एका शाळेत जागा निघाली तेव्हा मास्तरांनी सांगली सोडायचं ठरवलं. साताऱ्याला ते चारच वर्षं होते. तिथंच विषमज्वरानं गेले, आणि मला ते कळलं तेव्हा महिना उलटला होता. सुटीच्या दिवशी ते वाड्यावस्त्यांवर जाऊन लोकांची नाकं, कान, हनुवट्या बघत हिंडत, असं त्यांच्या पत्रांत असे. किती चित्रं केली ते त्यांनी कधी लिहिलं नाही.

सांगली सोडली त्या दिवशी मास्तरांना पोचवायला मी मोटारस्टँडवर गेलो होतो. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशावर चालत, आणि भट्टी धरायला अर्धा तास लागे. क्लीनर वारा घालत होता. मास्तर ट्रंकेवर बसले होते. मध्येच ते म्हणाले, "देसाई, जरा उजेडाकडं तोंड करा."

मी केलं. "काय करताय?"

"बघून ठेवतोय."

"मग कागद तरी घ्या."

"नको. कागद असला की मी कागदाकडंच बघतो."

ते कपाळापासून सुरू करून सावकाश खाली आले. कानांपाशी थांबले. "हनुवटीखाली हे कशाचं?"

"लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडलो होतो."

"इतकी वर्षं एका घरात राहून दिसलं नव्हतं," ते म्हणाले आणि पुन्हा पाहू लागले.

भट्टी धरली. ट्रंक टपावर गेली. मास्तरांना खिडकीजवळची जागा मिळाली. मोटार हलली तेव्हा मला हात वर करून निरोप द्यायचा होता, पण ते अजून पाहतच होते, म्हणून मी हललो नाही.