वायलेट जेरे गोड बोलते तेव्हा

वायलेट जेरे मोबाईल कंपनीत मोठी झाली ती तोंडाच्या जोरावर. चिपाटाच्या बसस्टँडवर रिचार्जची कार्डं विकायची, तेव्हाच तिचा आवाज बसच्या हॉर्नला भारी पडायचा. "ए दादा, तू बायकोला फोन नाही केलास तर ती दुसऱ्याला करेल!" ती ओरडली की खिडक्याखिडक्यांतून हात बाहेर यायचे. तो आवाज ऐकून कंपनीच्या माणसाने तिला आधी उन्हात बसून विकायला मोठी छत्री दिली, मग नोकरी, मग मोटारसायकल. मधल्या काळात तिने संध्याकाळच्या कॉलेजातून पदवी उरकली आणि उत्तर विभागाची उपप्रमुख होऊन कासामाला आली.

कासामा बेम्बा जमातीचा मुलूख, आणि वायलेट न्गोनी जमातीची. म्हणजे आनंदीआनंद! दोघांचे पणजोबा एकमेकांच्या जिवावर उठलेले. लढून लढून दमले, तेव्हा त्यांनी भाले खाली ठेवले आणि तोंडं उघडली. तेव्हापासून हे लोक एकमेकांचे म्बुया, म्हणजे थट्टेचे भाऊबंद. बेम्बाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीने बेम्बाला माकडखाऊ. एकाने दुसऱ्याची टोपी उचलावी, कोंबडी पळवावी, दुसऱ्याने ब्र काढू नये. मयताच्या घरीसुद्धा म्बुया येऊन धिंगाणा घालतात. नाही घातला तर घरच्यांना वाईट वाटतं.

वायलेटचं बस्तान छान बसलं होतं. तेवढ्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि लुसाकाच्या मुख्य कचेरीतून निरोप आला: मुसोन्डा गावच्या टेकडीवर टॉवर उभा केलास तर जागा तुझी, नाहीतर बाहेरून माणूस आणू. शिवाय प्रमुखाला शोभेल असं वागणं शिकायला तिला लुसाकाला बोलावून घेतलं. हळू बोला, हसताना दात आवरा, ग्रामस्थांच्या भावना जपा. वायलेटने सगळं घोकून पाठ केलं. जागा हवी होती ना!

मग ती टेकडी मागायला मुसोन्डाला गेली. मुखिया कापाम्पा आंब्याखाली टपूनच बसला होता.

"आली का उंदरांची मावशी! बिळांना झाकणं लावा रे!"

गाव कान टवकारून उभं. वायलेटच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं, गुडघे टेकले, हलक्या टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आदरणीय मुखियाजी, आपण अमूल्य वेळ दिलात, मी आपली आभारी आहे."

कापाम्पाचा चेहरा उतरला.

"बाई, आमचं काही चुकलं का?"

"छे! आपण तर थोर आहात."

"अगं बाई," कापाम्पाची बायको बाना चोला शेजारणीच्या कानात म्हणाली, "इतकी चिडलीय?"

"टेकडीचं बघू नंतर," म्हणून मुखिया घरात गेला. ती निघाली तोवर गावात एकच कुजबुज: न्गोनी बाई गोड बोलते, म्हणजे टेकडी गिळायचा बेत आहे.

बातमी लुसाकाला पोचली आणि कंपनीचे वकील मुबितासाहेब स्वतः आले. गाव नाहीच म्हणालं, तर ते जागेवरच प्रकरण बंद करणार होते, आणि प्रकरणाबरोबर वायलेटलाही.

गाव जवळ आलं तशी रडारड ऐकू आली. अंगणात चटईवर कुणीतरी चितेंग्याच्या रंगीत कापडाखाली पूर्ण झाकलेलं.

"गेला गं!" बाना चोलाने हंबरडा फोडला. "हिने 'आदरणीय' म्हटलं, ते काळजात घुसलं त्याच्या!"

मुबितासाहेबांनी चेहरा लांब केला. "मॅडम, परत फिरू. शोकसंदेश पाठवू."

वायलेटने हिशोब मांडला. खरा मेला असेल, तर म्बुयाने धिंगाणा घालायलाच हवा. खोटा मेला असेल, तर घालायलाच हवा. तिने बूट भिरकावले.

"ऊठ रे माकडखाऊ! मरायचं तर मर, पण सरकून मर, मला आडवं व्हायचंय!" ती त्याच्या शेजारी पसरली, चितेंगे अर्धं ओढून घेतलं, उशाची टोपी डोक्यावर चढवली. जवळून जाणारी कोंबडी काखेत मारली. "वहिनी, तुम्ही कशाला घसा फोडताय? असल्या नवऱ्यासाठी भाड्याने रडणारे आणावेत!"

बाना चोलाच्या हंबरड्याला मध्येच खिंकाळीसारखं काहीतरी फुटलं.

"मॅडम! मयत आहे ते!" मुबितासाहेबांची बोबडी वळली.

"असू दे की. जिवंत होता तेव्हा तरी काय उजेड पाडत होता?"

चितेंगे गदागदा हलायला लागलं. आतून आवाज आला, "टोपी काढ. उवा होतील तिला."

"उवा तुझ्याच आहेत, मला बघून पाहुणचाराला आल्यात!"

मयत उठून बसलं. डोळ्यांत हसून हसून पाणी. "कुठे होतीस गं बये? मागच्या वेळी कुणाला पाठवलं होतंस?"

"ती लुसाकाची होती. हाकलून दिली तिला."

"मग घे टेकडी." कापाम्पाने डोळे पुसले. "पण वरच्या उंबराला हात लावायचा नाही. हे थट्टेत नाही."

"नाही लावणार," वायलेटही थट्टा सोडून म्हणाली.

मुबितासाहेबांना एवढं हायसं वाटलं, की त्यांनाही चेव आला. "वा म्हातारबा, माकडासारखी टुणकन उडी मारलीत!"

कुणी हसलं नाही. कापाम्पाने भुवया चढवल्या. "हा कोण?"

"लोझी जमातीचा. तुमचा म्बुया नाही."

"मग त्याला म्हणावं, नीट बोल. परक्याने पायरी सोडू नये."

मुबितासाहेब मुकाट गुडघ्यांवर बसले.

टॉवर उभा राहिला, उंबर सोडून. जागा वायलेटला मिळाली. पहिल्या दिवशी ती केबिनमध्ये शिरते तर प्लास्टिकही न काढलेल्या नव्या खुर्चीत कापाम्पा, पाय टेबलावर, भाजलेल्या शेंगा खात.

"बघतेस काय? म्बुयाचं ते माझं."

वायलेटने दिवसभर स्टुलावर बसून विभाग चालवला. कुणी सहीला आलं की खुर्चीतून आवाज यायचा, "हिचं ऐकू नका, हात हुंगा आधी हिचे!" बसची वेळ झाली तेव्हा तो उठला, खुर्ची डोक्यावर घेतली आणि जिना उतरू लागला. पहारेकरी आडवा आला, तेवढ्यात वरून सगळी इमारत दणाणून टाकत वायलेट ओरडली:

"जाऊ दे रे त्याला! म्हातारपणी फांदीवर बसून कंबर दुखते बिचाऱ्याची!"