झेंडेकाकांचा कान

झेंडेकाकांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या पावतीलाच माहीत होतं. आठवडाभर ते पत्र्याच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर उभे राहत आणि रविवारी मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावत. आसपासच्या वस्त्यांमधल्या फुटबॉल सामन्यांचे ते लाइनमन. पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण झेंडा काही सुटला नाही. काकू म्हणायच्या, "घरात दोरीवर कपडे टाकायला हात वर होत नाही तुमचा, तिथे बरा होतो!"

ऑफसाइडचा नियम सांगायला सोपा आणि पाहायला महाकठीण. आपल्या गड्याने पुढे पास मारला त्या क्षणी पुढचा गडी शेवटच्या बचावपटूला ओलांडून गोलजवळ उभा असेल, तर तो ऑफसाइड. पण पास मारणारा असतो मैदानाच्या मध्यावर, आणि तो बचावपटू असतो पार तिकडे. दोन्हीकडे एकदम बघायचं कसं? म्हणून काकांची रीत अशी, की डोळे बचावपटूवर खिळवायचे आणि पास कानाने ऐकायचा. चेंडूला बूट लागल्याचा 'थप्' आला, की कोण कुठे होतं ते टिपायचं. काकांचा सगळा लौकिक त्या आवाजावर उभा होता.

आणि अलीकडे तो आवाज येईनासा झाला होता. आधी त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला, मग नव्या चेंडूंना. पण घरातली दारावरची घंटाही त्यांना ऐकू येईना, तिला कोणता वारा आडवा येणार होता? समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून भागून जायचं. आयुष्यभर प्रेसच्या दणदणाटात उभं राहिल्याची ही किंमत आहे, हे त्यांना कळत होतं. पण ते तपासून बघायची हिंमत नव्हती. मागच्या हंगामात एका लाइनमनचा झेंडा चुकला, तर लोकांनी त्याला कपडे बदलायच्या खोलीमागे गाठून हात मोडला. त्याला अजून शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. त्याची आठवण झाली, की काका कानाचा विषयच टाळायचे.

तरी उपांत्य सामन्याला ते उभे राहिलेच. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सामना संपता संपता पुलाकडच्या संघाचा पुढचा गडी सुसाट सुटला आणि त्याने गोल मारला. मैदान उसळलं. मग सगळ्यांना दिसलं, की काकांचा झेंडा वर आहे. गोल रद्द. काकांनी पास ऐकलाच नव्हता. गडी धावताना दिसला आणि हात आपोआप वर गेला, एवढंच. लोक दोरी तुडवून आत घुसले. रेफरी मास्तरांनी काकांना दंडाला धरून मैदानाच्या मागच्या फाटकातून बाहेर काढलं. घरी पोहोचल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. गल्लीतून कुणी जाताना दिसला, की काका खिडकीपासून दूर व्हायचे.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये वादाला तोंड फुटलेलंच होतं.

"गडी बरोबरीत होता, पुढे नव्हता!"

"गुडघा पुढे होता. गुडघा धरतात."

"मग हात का धरत नाहीत?"

"हाताने गोल मारता येतो का, शहाण्या?"

काका आत आले तसे सगळे त्यांच्याकडे वळले. पुलाकडच्या संघाचा कट्टर पाठीराखा असलेला एक फिटर उठून थेट त्यांच्यासमोर येऊन बसला. दार त्याच्या पाठीमागे होतं. काकांची पाचावर धारण बसली.

"काका, माझ्या भाच्याने मोबाइलवर सामना काढलाय," फिटर म्हणाला. "बघा जरा."

चित्र हललं. फिटरने मध्येच बोट ठेवून ते थांबवलं.

"ऐकलंत? थप्! हा पास. आणि आता गडी बघा. गुडघा पुढे. रात्रभर मी हेच बघत होतो. तुमचंच बरोबर, काका. तुम्हाला शिव्या दिल्या त्याबद्दल माफी असावी."

त्याने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. भोवती जमलेले सगळे त्या आवाजाला एकदम माना हलवत होते. काकांनीही मान हलवली. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय कान आहे राव!" कुणीतरी म्हणालं. फिटरने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "फायनलला झेंडा तुमच्याच हातात. दोन्ही संघांनी मास्तरांना तसं सांगितलंय."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुंठीवाचून खोकला गेला. काकांना मात्र कालच्यापेक्षा जास्त भीती वाटली. काल निदान चूक झाली असेल असं वाटत होतं. आज कळलं, की ती बोलाफुलाला पडलेली गाठ होती. फायनलला ती पडली नाही तर? आणि ज्या पोराचा गोल उगाच बुडेल, त्याचं काय?

संध्याकाळी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. "घंटेचं मला केव्हाच कळलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग कोपऱ्यातला जुना चेंडू घेऊन दोघं मागच्या अंगणात गेली.

"मी भिंतीकडे तोंड करतो," काका म्हणाले. "तू फाटकापाशी उभी राहून फाटकावर मार. ऐकू आलं की मी हात वर करीन."

ते भिंतीकडे वळले. उजवा हात मांडीजवळ तयार ठेवला. भिंतीच्या पोपड्यांवर नजर खिळवली आणि कान देऊन उभे राहिले. काकूंना साडी सावरून चेंडू मारायला वेळ लागणार, हे त्यांनी धरलंच होतं.

वेळ गेला.

"मार की गं," ते म्हणाले. "लाजतेस काय?"

पुन्हा थोडा वेळ गेला. हात खालीच होता. शेवटी वैतागून ते मागे वळले. काकूंची एक चप्पल निघून फाटकाशी पडली होती, चेंडू तिच्या शेजारी होता, आणि त्यांना धाप लागली होती. नवऱ्याला ओठ नीट दिसावेत म्हणून त्या दोन पावलं पुढे आल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तीनदा मारला."