मोहाखालची लॉन

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. आणि तो चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल!

तर नागपूरच्या गर्दीला कंटाळून आम्ही आंबागडच्या किल्ल्याखाली जागा घेतली आणि टुमदार घर बांधलं. सुट्टीचं घर हो! अंगणात मोहाचं झाड, एवढं मोठं की त्याच्यापुढे घरच किरकोळ वाटावं. व्यवहार ठरताना जुना मालक पुष्कळ काही सांगत होता. मी किल्ल्याकडे बघत नुसती मान डोलवत होतो. डोळ्यांपुढे फक्त झोपाळा, गार वारा आणि मी!

मार्चमध्ये निवृत्त झालो आणि तिथेच मुक्काम ठोकला. पहिल्याच पहाटे ओसरीतल्या बाजेवर अर्धवट जाग आली. हवेत मोहाचा गोड, जड वास. टप्... टप्... फुलं पडताहेत. आणि त्यातच खर्र खर्र खराट्याचा आवाज. एक म्हातारी झाडाखालची वाळली पानं लोटत होती. मी जागा आहे की स्वप्नात, तेच कळेना. पुन्हा डोळा लागला. उठून पाहतो तर जमीन लख्ख!

"अगं, पडलेलं एक फूलसुद्धा ठेवलं नाही बाईनं!" मी बायकोला म्हटलं. "न सांगता अंगण झाडून गेली. याला म्हणतात माणुसकी!"

"अहो, फुकटात कोण झाडतं? विचारा तरी तिला."

विचारायचं कशाला? माणसाला मान घेता आला पाहिजे! नागपूरच्या मित्रांना फोन करकरून सांगितलं, खेड्यात अजून साहेबाची कदर आहे बरं का! एकाने तर लगेच प्लॉट बघायला सांगितलं.

आठवड्याने मला म्हातारीची दया आली. बिचारी किती वाकणार? तुमसरहून माणसं बोलावली आणि एका दिवसात झाडाखाली हिरवीगार लॉन अंथरली. वर पाण्याचे फवारे, तेही पहाटे आपोआप सुरू होणारे. काय झोप लागली म्हणता त्या आवाजात! आहाहा!

मोडली ती आरडाओरड्याने.

"कोन्या शहान्यानं केलं हे?"

म्हातारी, सारूबाई तिचं नाव, ओल्या गवतात टोपली घेऊन उभी.

"मावशी," मी हसत म्हटलं, "आता झाडायची गरजच नाही. आराम करा!"

"आराम? मंग मोहा कसा वेचू? गवतात सडून राह्यला ना सारा!"

"पण तुम्ही अंगण झाडायला येता ना?"

"तुमचं आंगन मी काहून झाडीन? तुमी माहे सासरे हाव का? भुई साफ असली तं फूल वेचता येते, साहेब! माह्या सासूपासून ह्या झाडाचा मोहा आमीच वेचतो. मालकानं सांगतलं नाई?"

सांगितलं असणार हो! मी तेव्हा झोपाळ्यावर होतो ना!

सारूबाई पायरीवर बसली. आवाज खाली आला. "गावातल्या जागा तुमच्यासारख्यायनं घेतल्या. माह्या पोराले गावाबाहेर कोपरा भेटला. भिंती झाल्या. यंदाचा मोहा इकून टिना टाकाच्या होत्या छपराले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको दारातच उभी होती. तिने आतून खुरपं आणलं आणि माझ्या हातात ठेवलं.

फवारे बंद केले. दुपारपर्यंत सगळी लॉन माझ्या हातांनी उपटली.

"अजून पंधरा दिवस पडन मोहा," सारूबाई म्हणाली. "पन रोज पानं लोटा लागते."

"ते माझ्याकडे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून पहाटे पाचला खराटा माझ्या हातात! तोच वास, तीच टपटप, फक्त फुलं आता माझ्या डोक्यावर. मागून सारूबाई: "थ्या मुळापाशी राह्यलं, साहेब!"

टिनांपुरता मोहा जमला असं एका सकाळी ती म्हणाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. प्लॉट बघायला आलेलं शहरातलं अनोळखी जोडपं. लुंगीतला मी, हातात खराटा. बाईंनी विचारलं, "दादा, इथे घर बांधलं की आमच्याकडे झाडझूड कराल का? रोजी चांगली देऊ."

मी तोंड उघडणार, तोच सारूबाई टोपली घेऊन पुढे झाली.

"ह्याले नोका नेऊ, बाई. अजून शिकूनच राह्यला!"