फळीवरचा नवा पंप

बारामतीत कालव्याच्या अंगाला एका बागाईतदाराकडे मी सात-आठ वर्षं मोटार चालवत होतो. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणायचो. मोटार लढाईच्या आधीची, विलायती, आबांनी कुणा साहेबाकडून घेतलेली. आबांना उसातलं नि गुळातलं सगळं कळे. मोटारीतलं काही कळत नसे आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. कोणता भाग कधी बदलायचा हे त्यांनी माझ्यावरच सोडलं होतं. "तू म्हणशील तवा," एवढंच ते म्हणत. त्यामुळे पुढं जे झालं त्यात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला मला जागा नाही.

माझ्या भरवशाचा मिस्त्री एकच, तो माझा दोस्तही होता. लढाईत आम्ही दोघं फौजेच्या एकाच मोटार कंपनीत होतो, मी गाडीवर आणि तो वर्कशॉपात. तिथली शिस्त अशी की अमुक मैल झाले की भाग काढायचा, मग तो चांगला का असेना. काढलेल्या भागांचा तंबूमागं ढीग पडलेला असे. मला ते बघवत नसे. वाकडा खिळा सरळ करून परत ठोकणाऱ्या घरातला मी. धडधाकट वस्तू फेकायची, हे माझ्या मनाला कधी पटलं नाही. त्याला पटलं होतं. तो म्हणायचा, भाग मोडल्यावरच बदलायचा तर मिस्त्री कशाला पाहिजे, मोडलेलं काय कुणालाही दिसतं.

गावी परतल्यावरही आमचा हा वाद चालूच राहिला आणि गाडी पळत राहिली म्हणून मीच जिंकत आलो. पिस्टनच्या रिंगा झिजून निळा धूर यायला लागला, तेव्हा दाट तेल घालून मी वर्ष काढलं. तो मान हलवायचा. मला त्या मान हलवण्याचीही गंमत वाटायची.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला वॉटरपंप कुरकुरायला लागला. त्या मोटारीत पंपाच्या दांड्यावरच पुढं पंख्याची चार पाती बसवलेली होती. दांडा हातात धरून हलवला की किंचित डुगडुगायचा. म्हणजे आतलं बेअरिंग झिजलं होतं. मिस्त्रीनं मला न विचारता पुण्याहून नवा पंप मागवला आणि आपल्या दुकानातल्या फळीवर आणून ठेवला. एक दिवस गाडी सोडून जा, म्हणाला. पण आबांच्या पुतणीचं लग्न इंदापूरला ठरलेलं होतं आणि कळस, वरकुटे या गावांची पाहुणेमंडळी मलाच आणायची होती. लग्न होऊ दे, मग बघू, मी म्हणालो.

"पाव्हणं बसनार हायत म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. "आधी बदल."

मी पंपात ग्रीस भरलं आणि निघालो.

आठवडाभर काही झालं नाही. मग इंदापूरहून येताना कळसच्या जवळ आवाज पालटला, जात्यात खडा यावा तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली. तेव्हाही बदल असं माझ्या तोंडून निघालं नाही. आणखी चार खेपा निघतील का, एवढं ऐकून सांग, म्हणालो.  त्यानं बॉनेटची एक बाजू उघडली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि लाकडी मुठीला उजवा कान लावला. मी आत बसलो होतो. त्यानं बोटानं खुणावलं, जरा रेस दे.

मी दिली. त्यानं पंजा आडवा केला. बस.

तो पंजा मी पाहिला. पण इंजिन आणखी चढलं की ती खरखर दबते हे मला ठाऊक होतं, आणि ती दबलेली त्याला ऐकवायची होती. मी पाय दाबत गेलो.

पंख्याचं एक पातं जोडाच्या रिबिटापाशी तुटलं आणि त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला लागलं. मी इंजिन बंद करून उतरलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि हातानं कान चाचपत होता. माझा पटका मी त्याच्या डोक्याला गुंडाळला. शेजाऱ्यानं टांगा आणला. बारामतीच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि पुण्याला न्या म्हणाले.

लग्न तर तोंडावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरून दुकानाची किल्ली आणली, फळीवरचा पंप काढला आणि माझ्या हातानं बसवला. पंखा त्याच्याच भंगारात मिळाला. जुना पंप उघडून पाहिला, तर बेअरिंगच्या गोळ्या किडलेल्या ज्वारीसारख्या झाल्या होत्या. सगळं काम अर्ध्या दिवसाचं होतं. दुपारनंतर मी गाडी धुतली आणि वरकुट्याच्या पाहुण्यांना आणायला गेलो.

दीड महिन्यानं तो पुण्याहून परत आला. उजवा डोळा गेला होता आणि त्या कानानं ऐकू येत नव्हतं. उभा राहिला की त्याला गरगरायचं. विचारायला येणाऱ्याला तो सांगायचा की रेस द्यायला मीच सांगितलं होतं. ते अर्धं खरं होतं. मी समोर बसून ऐकायचो आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडून निघत नसे. त्याची बायको तेवढ्या वेळात आत निघून जायची.

अखेर त्यांनी दुकान सोडलं. तिचं माहेर भीमेकाठी पळसदेवला. तिथं जायचं ठरलं तेव्हा मी आबांना विचारून मोटार नेली. सामान आणि वहिनी मागं, तो माझ्या शेजारी. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही, मी बोलायला लागलो. तो पुढं बघत राहिला. मग माझ्या ध्यानात आलं की माझ्याकडे त्याचा बहिरा कान आहे. मी गाडी थांबवली, वळसा घालून त्याच्या खिडकीशी गेलो आणि पंजा दिसला होता हे सांगितलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "इंजान चढलं तवाच कळलं." मग म्हणाला, "चल आता. ऊन व्हायला लागलं."

पळसदेवला सामान उतरवून झालं. त्याला आत नेऊन निजवल्यावर वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"भावजी, हितं पुन्यांदा येऊ नका. तुमी येऊन गेलात की ते दोन-दोन दिवस जेवत न्हाईत."

बरं, म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर मी मोटारीचे भाग वेळेच्या आधीच बदलायला लागलो. काढलेला पट्टा हातात घेऊन आबा म्हणत, हा तर चांगला दिसतोय की. मी नवा चढवत असे. वर्षभरानं मी गाडी सोडली आणि आबांच्याच मळ्यात गुऱ्हाळावर राहिलो.

दुसऱ्या हिवाळ्यात इंदापूरच्या बाजारात पळसदेवचा एक भाजीवाला भेटला. मिस्त्री तापानं गेला, महिना झाला, असं त्यानं सांगितलं. दहावा, तेरावा सगळं उरकलं होतं. वहिनींना भेटून यावं असं फार वाटलं. एकदा वाटेला लागलोही. पण त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि ते मागं घेतल्याचा निरोप कुणी आणला नव्हता. मी वाटेतूनच परतलो.