उद्या मेज आहे

महिन्याचा पहिला रविवार आला की आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, याकोबभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहायचे. बेल असूनही वाजवायचे नाहीत. चपला पार खाली जिन्यापाशी काढायच्या, टोपी हातात घ्यायची आणि बंद दाराकडे बघून म्हणायचं, "सलाम बाई. उद्या मेज हाय. माझं चुकलंय, तेवढं माफ करा." मी आत खुर्चीत बसलेली असायचे. दारात आणि माझ्यात फार तर आठ पावलांचं अंतर. मी उत्तर द्यायचे नाही. ते थोडा वेळ थांबायचे, मग जिना उतरून जायचे. असं नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत मी एकदाही दार उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला चांगली बाई समजायला नको.

याकोबभाऊ आमच्या चर्चचे सेवक. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, बाकं पुसायची, कोणी आजारी पडलं की उशाशी जाऊन बसायचं, कोणी गेलं की कबरस्तानात खड्डा नीट झालाय का ते आधी जाऊन बघून यायचं. मूळचे चांदवडकडचे. नाशिकमध्ये चाळीस वर्षं काढली तरी बोलण्यातलं गाव काही गेलं नव्हतं. बायको तरुणपणीच वारली, मूलबाळ नव्हतं, चर्चच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. उंच माणूस, पण चालताना असा वाकून चालायचा की कोणाला वाटावं, दाराची चौकट सारखी डोक्याला लागते की काय.

प्रभुभोजनाला ते नुसतं 'मेज' म्हणायचे. मेज मांडायचं काम त्यांचंच. भाकरीचे बारीक तुकडे करायचे, छोटे छोटे कप ओळीनं लावायचे, पांढरं कापड घालायचं. द्राक्षारसही विकतचा नाही. मंडळीतले एक बागायतदार दर हंगामात दिंडोरीहून काळ्या द्राक्षांचे दोन क्रेट पाठवायचे. ती धुऊन, उकळून, गाळून बाटल्या भरायच्या हा त्यांचा दोन दिवसांचा उद्योग. सगळ्या आवारात वास सुटायचा आणि आमच्या संडे स्कूलची पोरं खिडकीशी घोटाळायची.

शनिवारच्या फेरीची सवय त्यांना जुनीच, माझ्यासाठी लावलेली नव्हे. ज्याच्या मनात आपल्याबद्दल काही किल्मिष आहे, त्याच्याशी आधी मिटवायचं आणि मगच मेजाला यायचं, असं लहानपणी कोण्या पाळकानं त्यांना सांगितलेलं. ऐकतो तर आपण सगळेच. ते तसं करायचे, एवढाच फरक. महिन्याभरात कोणाला काय बोललो हे आठवून घरोघर जायचे. एकदा मी शाळेतून येताना पाहिलं, तर सीबीएस बसस्टँडपाशी एका रिक्षावाल्यापुढे हात जोडून उभे. दोन दिवसांपूर्वी पेशंटला नेताना त्याला "जरा हात चालव ना बाबा" असं म्हणाले होते म्हणे. रिक्षावाला बिचारा गोंधळला. "चाचा, तबियत तो ठीक है ना?" म्हणाला. मी हसत सुटले. म्हटलं, "भाऊ, अहो असं जगाच्या पाया पडत सुटलात तर कंबर राहील का जाग्यावर?" तर म्हणाले, "बाई, मी वाढपी मानूस. वाढप्यानं पंगतीत कोनाला दुखवून कसं चालंल?" तेव्हा आमचं बोलणं होतं. आमच्या ह्यांचे तर ते अगदी जिवाचे होते.

मग ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरणपूर रोडजवळच्या एका दवाखान्यात तेरा दिवस होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि तो हे सारखे डाव्या हातानं ओढून काढायचे. म्हणून कोणीतरी हात धरून बसावं लागायचं. मुलगी दुबईत, तिकीट मिळायचं होतं. मी तीन दिवस घरी गेले नव्हते. तेराव्या दिवशी दुपारी याकोबभाऊ आले आणि म्हणाले, "बाई, जा तुम्ही. आंघोळ करा, दोन घास खावा. मी हाय. मी हलत नाय हितून." मी त्यांच्या भरवशावर गेले. नवऱ्याचा हात त्यांच्या हातात दिला आणि गेले.

ते हलले. पलीकडच्या वॉर्डात सुरगाण्याकडची एक बाळंतीण होती, तिचं रक्त थांबत नव्हतं. नवरा चिठ्ठी हातात घेऊन वेड्यासारखा या दारातून त्या दारात. रक्तपेढी कुठे, चिठ्ठीवर काय लिहिलंय, त्याला काही कळेना. तो ह्यांच्या खोलीच्या दारात आला. याकोबभाऊंनी दोन मिनिटं पाहिलं, ह्यांचा हात पांघरुणाखाली घातला, नर्सला हाक मारून "जरा बघा" म्हणाले आणि त्याच्याबरोबर गेले. पाऊण तासानं परत आले. मास्क बाजूला पडला होता. मी घरून आले तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते आणि हातात त्या परक्या माणसाची चिठ्ठी तशीच होती.

ती बाई वाचली. मूलही वाचलं. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, मास्क असता तरी एखादा दिवस, फार तर." मला सगळ्यांनी हेच ऐकवलं, मुलीनंसुद्धा. पण तो एखादा दिवस माझा होता. त्या दिवशी मी ह्यांच्याशी काय बोलले असते, ह्यांनी डोळे उघडले असते की नाही, हे कोणत्या डॉक्टरला माहीत? जाताना ह्यांनी हात चाचपला असेल आणि कोणीच नसेल, हे डोळ्यांपुढून हलत नाही. अजूनही हलत नाही. मी दवाखान्यातल्या लोकांदेखत याकोबभाऊंना म्हणाले, "परक्यासाठी माझ्या माणसाला एकटं मारलंत तुम्ही. मेले तरी तुम्हाला माफ करणार नाही." आपली बाजू त्यांनी तेव्हा मांडली नाही आणि नंतरही कधी मांडली नाही. त्याचाही मला राग यायचा.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी मेज मांडलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. घेतलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. लोक विचारायचे तर "वाढप्याचं जेवन शेवटी" म्हणून टाळायचे. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मात्र त्यांना बसवून समजावलं, हे मला त्यांनीच पुढे बदली होऊन जाताना सांगितलं. म्हणाले, "भाऊ, तुम्ही माफी मागितलीत, तुमचं काम झालं. आता द्यायची की नाही, तो बाईंचा आणि देवाचा प्रश्न." त्यावर याकोबभाऊ म्हणाले होते, "साहेब, माझ्यापायी एक मानूस दुखावून घरात बसलंय, आन् मी खुशाल जेवू?"

आणि मी? मी दर महिन्याला जात होते. पांढरी साडी नेसून तिसऱ्या बाकावर. त्यांनी कापलेली भाकर, त्यांनी गाळलेला द्राक्षारस, त्यांनी धुतलेला कप. डोळे मिटायचे, घ्यायचे, घरी यायचे. शनिवारी दार बंद ठेवलं आणि रविवारी हात पुढे केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुखावलेली मी होते ना, मग माझी बाजू आपोआप खरी, असा माझा हिशेब.

चार-पाच वर्षांपूर्वी मंडळीच्या कमिटीत विषय निघाला. एक नवे सभासद, कायदा जाणणारे, म्हणाले, "जो माणूस स्वतः प्रभुभोजन घेत नाही त्यानं मेज मांडावं हे बरोबर दिसत नाही. काहीतरी पाप लपवत असणार. कोणी म्हणतं, पितात." याकोबभाऊंना आत बोलावलं. विचारलं, तर खाली बघून म्हणाले, "पाप हाय, साहेब. पीत नाय, पन पाप हाय." कोणतं, ते सांगेनात. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी त्या कमिटीत होते. टेबलाच्या या बाजूला बसले होते. एका वाक्याचं काम होतं, पण ते सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. मेजाच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि "येतो" म्हणून गेले. त्यानंतर त्यांच्याकडे फक्त झाडलोट उरली. द्राक्षारसाच्या बाटल्या दुकानातून यायला लागल्या.

शनिवारी ते माझ्या दारात आले, नेहमीसारखेच. आवाजात तक्रार नाही, काही नाही. त्या दिवशी मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. मग ह्यांचा तो चाचपडणारा हात आठवला आणि परत फिरले.

गेल्या दिवाळीनंतर ते खंगायला लागले. यकृतात गाठ निघाली. ऑपरेशनच्या पलीकडची. मंडळीतल्या बायकांनी डब्याच्या पाळ्या लावल्या. माझी पाळी आली की मी शेजारणीबरोबर डबा पाठवायचे. तरीही शनिवारी यायचे ते. जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांबायचे, मला आत ऐकू यायचं.

मग एका शनिवारी चार वाजले, साडेचार वाजले, जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मी साडेपाचपर्यंत खुर्चीत बसून राहिले. माझ्याच लक्षात आलं की मी वाट बघतेय. सहाला बेल वाजली. नवे पाळकसाहेब होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा तरुण मुलगा. म्हणाला, "बाई, याकोबभाऊंचं आता दिवसांवर आलंय. मी त्यांना खोलीवरच मेज देतो म्हणालो, तर म्हणतात, बाईंचं व्हायचंय अजून. तुम्ही याल का?" मी साडी बदलली आणि गेले.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर बायकोचा फोटो. मला बघून ते उठायला लागले. "तुम्ही कशाला आलात बाई, मीच आलो आसतो." मी वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "याकोबभाऊ, मी तुम्हाला माफ केलं." वर्गात हजेरी घ्यावी तसं म्हणाले. त्यांनी हातानं मला थांबवलं. मग म्हणाले, "नाय बाई. अजून नाय झालं तुमचं. तोंडदेखलं नका म्हनू. त्यानं तुम्हालाच जास्त तरास व्हईल."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्ही एकदा तरी म्हणा ना, की त्या बाईचा जीव वाचवायला गेलो होतो. भांडा माझ्याशी." ते म्हणाले, "वाचली ती, लय बरं झालं. पन मी तुम्हाला हलनार नाय म्हनलो होतो." आणि धाप लागत होती म्हणून तुकड्या तुकड्यांनी म्हणाले, "आन् एक राहिलंय. मी दर महिन्याला तुमच्या दारात यायचो. मला वाटायचं, मी नमतोय. पन तुम्ही आत बसून काय सोसत आसाल, त्याचा इचारच नाय केला. दर खेपंला तुमचं दुखनं उकरलं मी. तेबी माझंच चुकलं. आता नाय येनार."

मी खाटेच्या पायाशी बसले. पाळकसाहेबांना वाटलं, मिटलं असावं. त्यांनी डबी उघडली, प्रार्थना केली, ताटली याकोबभाऊंपुढे धरली. याकोबभाऊंनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि मान हलवली. नको. मग ताटली माझ्यापुढे आली. पन्नास वर्षांची सवय. ताटली पुढे आली की हात पुढे जातो. मी तुकडा उचलला, तोंडात घातला. कपही घेतला. गिळल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

याकोबभाऊ माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यात टोचणी शोधूनही सापडली नसती. "बरं झालं बाई," म्हणाले, "तुम्ही तरी घेतलं."

मंगळवारी सकाळी ते गेले. कबरस्तानात पाळकसाहेब म्हणाले, याकोबभाऊ आता प्रभूच्या पंगतीला बसले आहेत, आणि सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. त्यांना माफ केलं का, असं कोणी विचारलं तर आजही मला खरं उत्तर देता येत नाही. आता विचारायलाही कोणी येत नाही. तिकडे वर काय असेल ते असो. इथून ते उपाशी गेले, आणि त्यांच्यासमोर बसून मी खाल्लं.