मखरामागचं गेमचं मशीन

मंडळी, आज रोह्याला सुदेशकडे गणपतीला गेलो आणि डोकं फिरवून पेणला परत आलो.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे सीडीवर चालणारं गेमचं मशीन होतं. एक दिवस ते डिस्क वाचेना. सुदेश धाटावला कंपनीत होता, रिपेअरिंगची आवड. बघतो म्हणून घेऊन गेला, मग म्हणाला, "लेन्स गेली रे, भंगारात टाकलं." जिवाभावाचा दोस्त, मी कशाला शंका घेऊ?

आज आरती झाल्यावर त्याची आई सहज बोलली, "तुजं त्ये गेमचं मशीन लय कामाचं व्हतं हां! सुदेश पालथं घालायचा, मग डिस्क चालायची. मखरामागं ठिवून आरतीची सीडी लावली, रिपीट दाबलं की झालं."

सुदेश लगेच प्रसाद वाटायला उठला.

मशीन गेलं, जाऊ दे. पण तेव्हाच्या गणपतीत मी त्याच मखरासमोर टाळ्या वाजवत उभा होतो हो! वर विचारलं पण, "काय आवाज आहे रे! सीडी प्लेअर घेतलास?"

"व्हय, नवा हाय," म्हणाला. गणपतीसमोर.

खरं सांगा, त्याच्या हातचा प्रसाद तुमच्या घशाखाली उतरला असता?