शेषरावांनी लाइट लावायला सांगितलं होतं

"आवाज हरपला" अशी पोस्ट आज ज्यांनी टाकली, त्यांनीच शेषरावकाकांचा माइक काढून घेतला होता.

फोटो मात्र छान निवडलाय सरांनी. काका हसतायत आणि सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघतायत.

मी काही लिहिणार नव्हते.
पण त्या पोस्टमध्ये सरांनी "ब्लॅकआउटचा गमतीदार किस्सा" पुन्हा सांगितलाय. पुन्हा खोटा.

आष्टीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं छोटासा कम्युनिटी रेडिओ, दोन खोल्यांचा. सर म्हणजे संचालक, मी मशीनवर, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला शेषरावकाका.

काका मेंढपाळाच्या घरातले. स्वतःच्या आवाजाचा भारी गर्व.
"माझ्या हाकेवर मेंढरं वळतेत ताई, माणसं काय चीज हाय!"
खरंच होतं ते. त्यांचा कार्यक्रम लागला की टपरीवरचा टीव्ही बंद व्हायचा.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. आता शत्रूला आमचं गाव कुठून सापडणार? कुरिअरवाल्याला अजून सापडत नाही.
पण ब्लॅकआउटची तालीम ठरली. रेडिओवर सांगितलं की गावानं दिवे घालवायचे, रेडिओवर सांगितलं की लावायचे.

सरांच्या अंगात सेनापतीच संचारला.
एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून पिवळी हेल्मेटं आणली. स्टुडिओत घालायला!
हेल्मेटवर हेडफोन बसेनात. सर म्हणाले, हेडफोन काढा.
मोबाइलचा उजेड नको, म्हणून सगळ्यांचे फोन स्टीलच्या डब्यात. मशीनचा उजेड नको, म्हणून तिच्या दिव्यांवर चिकटपट्टी आणि वर चादर. चादरीखाली मी.

"दिवे बंद करा" ही घोषणा सरांनी स्वतः केली. ऐतिहासिक क्षण ना.

मग त्यांना दारावरचा 'ऑन एअर'चा लाल दिवा दिसला.
"अरे तो लाइट! तो बंद करा आधी!"
त्याचं बटण अंधारात सापडेना. सरांनी सरळ मेन स्विच खाली ओढला.

त्या लाल दिव्याबरोबर ट्रान्समीटरही गेला. बॅटरी बॅकअप घ्या म्हणून आम्ही किती मागे लागलो होतो, सरांचं उत्तर ठरलेलं. "बघू."
हेडफोन कुणाच्याच कानाला नव्हते. रेडिओ मेलाय हे कळणार कसं?

वेळ झाली. काकांनी त्या अंधारात, कागद न बघता घोषणा केली.
"मंडळी, तालीम संपली. आता लाइट लावा. लेकरं भ्याली असतील, त्यायला जवळ घ्या."
लेकरांचं वाक्य कागदावर नव्हतं. ते काकांचं स्वतःचं.

सरांनी टाळ्या वाजवल्या. स्विच वर केला, दिवे आले. "चला, गावात चक्कर मारू."

गाव काळंकुट्ट.
सर अगदी भारावले. "बघा, केवढी शिस्त!"
तेवढ्यात शेजारच्या गयाबाईंचा आवाज अंधारातून आला. "आरं मुडद्यांनो, भाकर तव्यावर करपली! लाइट लावावं का न्हाई ते तरी सांगा!"

काका हेल्मेटसकट पळत परत गेले आणि पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं गावात उजेड पडला.

इथपर्यंत हसा. मीही हसते. काकाही हसायचे.

मग गाव अंधारात का राहिलं, याच्या चौकशीला तालुक्याचे साहेब आले. सर म्हणाले, "निवेदकाला डुलकी लागली."
मी तिथल्या तिथं सांगितलं की मेन स्विच सरांनी ओढला.
साहेबांनी सरांनी मागवलेल्या चहाचा घोट घेतला. "मॅडम, तुम्ही तर चादरीखाली होतात ना?"
सगळी खोली हसली.

काकांचा कार्यक्रम बंद झाला. पुढं मीही जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी धरली.

गावात मात्र चेष्टा सुरू झाली ती थांबलीच नाही. काका दिसले की, "शेषराव, झोप झाली का? लाइट लावू का?"
पोरं म्हणायची, म्हातारे म्हणायचे, गयाबाई तर रोजच.
आधी काका हसून घ्यायचे. मग त्यांनी बाजाराला जाणं सोडलं.

कार्यक्रम त्यांनी कधी परत मागितला नाही. फोनवर मला म्हणाले, "सरांकडं गेल्तो. म्हणलं, शेषराव झोपला न्हवता एवढं रेडिओवर सांगा. एकच बार. तुमचं नाव बिलकुल घेऊ नका. ते म्हणले, बघू."
जितक्या वेळा गेले तितक्या वेळा "बघू".
मला राग येतो. अजून येतो.

परवा काका गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी बसले होते. अंधारून आलं. कोपऱ्यात पिठावर ठेवलेली पणती तेवढी जळत होती, बायका भिंतीला टेकून बसलेल्या.
गयाबाई उठल्या. बटणावर हात ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं,
"शेषराव, लावू का लाइट?"

कुणी हसलं नाही.
त्या तशाच उभ्या राहिल्या, बटणावर हात ठेवून, रडत.

काकू म्हणाल्या, "लावा. त्यायनी तवाच सांगितलं व्हतं."

आज सरांचा मेसेज आला. श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायचाय, काकांचा एखादा जुना ऑडिओ आहे का?
मी लिहिलं, "बघू."

काका, तुम्ही झोपला नव्हतात. बराबर वेळेवर, खणखणीत आवाजात सांगितलं होतंत. मी चादरीखाली होते, पण माझे कान उघडे होते.
रेडिओवर कुणी सांगणार नाही, म्हणून इथं सांगते.

जड मनानं निरोप, शेषरावकाका.